कापसाच्या जिल्ह्यात झिंगे

विदर्भातल्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर गेल्या काही वर्षांत दोन जाहिराती हमखास येतात. एक मोत्यांच्या शेतीची आणि दुसरी गोड्या पाण्यातल्या झिंग्यांची. दोन्हींतला मजकूर सारखाच असतो. शेततळे आहे ना? मग एका दिवसाचे प्रशिक्षण घ्या, बीज आमच्याकडून न्या, वर्षभरात लाखो कमवा. ज्या यवतमाळ जिल्ह्याने कापसाच्या भावापायी आणि सावकाराच्या तगाद्यापायी इतकी माणसे गमावली, तिथे अशा जाहिरातीकडे करमणूक म्हणून पाहता येत नाही. ती वाचून कोणी तरी पीककर्जाचे पैसे त्यात घालतो, आणि सोयाबीनच्या पेरणीला पुन्हा हात पसरतो.

तरीही हा विषय झटकून टाकावा असे मला वाटत नाही. यवतमाळच्या पाण्यात झिंगा वाढू शकतो, आणि त्यातून रोजगारही उभा राहू शकतो. माझा आक्षेप आहे तो आपण सुरुवात चुकीच्या टोकाने करतो याला. जो सर्वात जास्त कर्जात आहे, त्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या शेततळ्यापासून हा धंदा सुरू करणे म्हणजे बीज, रोग, हवामान आणि बाजार या चारही गोष्टींची जोखीम त्याच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवणे. सुरुवात मोठ्या जलाशयांपासून व्हावी, तिथे पिढ्यान् पिढ्या जाळे टाकणाऱ्या भोई-ढिवरांच्या सहकारी संस्थांपासून व्हावी, आणि तळ्यात झिंगा सोडण्याआधी बीज, बर्फ आणि गिऱ्हाईक यांची व्यवस्था सरकारने उभी करावी. जोडधंद्यांच्या ज्या योजना या जिल्ह्याने आजवर पाहिल्या, त्या सगळ्या नेमक्या याच्या उलट क्रमाने आल्या.

१ जुलै २००६ ला तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. सर्वात मोठा वाटा सिंचन प्रकल्पांना होता, पण जोडधंद्यांसाठीही तरतूद होती. त्यातून संकरित गायी वाटल्या गेल्या. गाय चांगली होती, दूधही देणारी होती. पण जिथे उन्हाळ्यात माणसाला पाणी मिळत नाही आणि हिरवा चारा दिवाळीनंतर संपतो, तिथे तिचा रोजचा खर्च दुधाच्या पैशातून निघत नव्हता. अनेकांनी ती विकली, काहींनी नातेवाइकांकडे पाठवली. त्यानंतर एमू आला. अंडे, तेल, मांस, कातडे असे सगळे विकले जाईल असे सांगणारे लोक पिल्ले विकत होते, आणि पिल्ले विकत घ्यायला नवा माणूस मिळेनासा झाला तेव्हा धंदा संपला. दोन्ही वेळी प्राणी आधी आला, आणि त्याला लागणारी चाऱ्याची, डॉक्टरची, खरेदीदाराची साखळी कधी आलीच नाही. झिंग्याच्या बाबतीत ही साखळी फार नाजूक आहे. त्याचे कारण त्या जिवाच्या जन्मातच आहे.

गोड्या पाण्यातल्या ज्या मोठ्या झिंग्याला व्यापारात स्कॅम्पी म्हणतात, तो आयुष्यभर नदीतळ्यात राहतो, पण त्याचे बाळपण खाऱ्या पाण्याशिवाय होत नाही. मादी पोटाखाली अंडी घेऊन खाडीच्या दिशेने उतरते. अंड्यातून निघालेल्या अळ्यांना समुद्राच्या साधारण एक तृतीयांश खारेपणाचे पाणी लागते. महिनाभरात अकरा अवस्था पार करून त्यांचे पिलू होते आणि मग ते नदी चढायला लागते. ही गोष्ट माणसाला कळली ती १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. मलेशियात पेनांगला शाओ-वेन लिंग हे शास्त्रज्ञ गोड्या पाण्यात अळ्या जगवण्याचा प्रयत्न करत होते आणि त्या मरत होत्या. पाण्यात मीठ मिसळल्यावर त्या जगल्या. जगभरातली गोड्या पाण्यातली झिंगाशेती या एका शोधावर उभी आहे.

याच्या शेजारी आपल्या कतला-रोहूची गोष्ट ठेवून पाहा. १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन करून दाखवले. त्या दिवसाची आठवण म्हणून आज १० जुलैला राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन पाळतात. त्या प्रयोगाने माशाचे बीज नदीपासून मोकळे केले. विदर्भातल्या कोणत्याही तालुक्यात हौद बांधून मत्स्यजिरे तयार करता येऊ लागले आणि बोटुकली गावातच मिळू लागली. झिंग्याचे तसे झालेले नाही. त्याचे बीज आजही मुख्यतः किनाऱ्यावरच्या हॅचरीत तयार होते. समुद्रापासून दूर हॅचरी चालवता येते, पण त्यासाठी मिठागरातले दाट खारे पाणी टँकरने आणायचे किंवा क्षार मिसळून ते घडवायचे, तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरायचे, आणि चोवीस तास वीज हवी. यवतमाळच्या ग्रामीण भागात शेवटच्या अटीपाशीच गाडी अडते.

म्हणजे बीज बाहेरून येणार. प्लास्टिकच्या पिशवीत थोडे पाणी, वर प्राणवायू, पिशव्या थर्माकोलच्या पेटीत, आणि गाडी रात्रीच निघते कारण दिवसाच्या उन्हात पाणी तापते. आंध्रच्या किनाऱ्यावरून हैदराबाद, आदिलाबाद करत राष्ट्रीय महामार्ग ४४ ने गाडी आली की पैनगंगा ओलांडल्यावर पहिले मोठे गाव पांढरकवडा. भूगोल यवतमाळच्या बाजूने आहे तो इथे. पण पिशवी फोडून ते पिलू थेट तळ्यात सोडले तर प्रवासाने थकलेल्या, केसाएवढ्या जिवांपैकी किती जगतील याचा भरवसा देता येत नाही. मधे एक टप्पा लागतो. सिमेंटच्या किंवा कापड अंथरलेल्या छोट्या हौदांत त्यांना दीड-दोन महिने वाढवून बोटाच्या पेराएवढे करायचे आणि मग सोडायचे. याला नर्सरी म्हणतात. मला या सगळ्या साखळीत सर्वात महत्त्वाची वाटते ती हीच कडी, आणि जाहिरातींत तिचा उल्लेखही नसतो.

भारताने या धंद्याची एक लाट आधीच पाहिली आहे. १९९०च्या दशकाच्या शेवटी किनारी वाघ-कोळंबीवर पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू कोसळला तेव्हा आंध्रचे शेतकरी गोड्या पाण्यातल्या झिंग्याकडे वळले. २००५च्या सुमारास देशाचे उत्पादन चाळीस हजार टनांच्या वर गेले होते. पाच वर्षांत ते सहा-सात हजार टनांवर आले. हॅचऱ्या त्याच त्या तळ्यांतल्या माद्या वापरत राहिल्या, वंश आखूड झाला, वाढ खुंटली. शेपटी पांढरी करणारा विषाणू हॅचरीतच पिलांना मारू लागला. आणि २००९ मध्ये व्हेनामी या अमेरिकी कोळंबीला सरकारने परवानगी दिली, तेव्हा पैसेवाला शेतकरी तिकडे गेला. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने, सगळे जिला सिफा म्हणतात, गुजरात, केरळ आणि ओडिशा या वेगवेगळ्या प्रदेशांतले झिंगे एकत्र करून निवडपद्धतीने नवा वाण घडवला आणि तो आता हॅचऱ्यांना मिळतो. म्हणजे बीज कोणाचे आहे, हा पहिला प्रश्न. कापसाच्या बियाण्याने पोळलेल्या यवतमाळच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. पण पाकिटातले कापसाचे बी बोगस निघाले तर तो निदान पावती घेऊन कृषी कार्यालयात जातो. पिशवीतले पिलू कोणत्या मादीचे, कोणत्या हॅचरीचे, रोगाची चाचणी झाली की नाही, याची पावती त्याला कोणी देत नाही.

आता शेततळ्याकडे वळू. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ मध्ये आली आणि जिल्ह्यात वावरावावरांत तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल असे खड्डे झाले. त्यांचा हेतू पिकाला एखादे संरक्षित पाणी देणे हा होता आणि तो चांगलाच होता. झिंग्याच्या दृष्टीने मात्र त्यांचे वेळापत्रक बसत नाही. झिंग्याला अठ्ठावीस ते एकतीस अंशांचे पाणी आवडते. चोवीसच्या खाली त्याची भूक मंदावते आणि पाणी चौदाच्या खाली गेले तर तो मरतो. काळ्या मातीतले, कापड नसलेले तळे भरते ऑगस्ट-सप्टेंबरात. नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री गार होतात आणि पाण्याचे तापमान उतरते. जानेवारी संपता संपता पाणी गुडघ्यापर्यंत येते, मार्चमध्ये चिखल. झिंग्याला विक्रीच्या वजनाला यायला सहा ते आठ महिने लागतात. तळे त्याला उबदार पाण्याचे जेमतेम तीन देते. ज्याच्या तळ्याला कापड आहे, विहिरीचे पाणी जोडीला आहे आणि नर्सरीतली वाढलेली पिले जुलैत मिळतात, त्याचेच गणित जुळू शकते. असा शेतकरी गावात एखादाच असतो आणि त्याची परिस्थिती मुळातच बरी असते.

त्यात या प्राण्याचा स्वभावही समजून घ्यावा लागतो. झिंगा वाढतो तो कात टाकून. जुने कवच पाठीवर फाटते, तो त्यातून मागे सरकत बाहेर येतो आणि काही तास त्याचे सगळे अंग लोण्यासारखे मऊ असते. त्या वेळी त्याला पळता येत नाही, लढता येत नाही, आणि शेजारचा झिंगा त्याला खातो. म्हणून तळ्यात लपायला जागा लागतात. फांद्या, कौलांचे तुकडे, जुनी जाळी. नरांमध्येही श्रेणी असते. निळ्या, लांबलचक नांग्यांचा एक दांडगा नर आजूबाजूच्या नरांना वाढूच देत नाही. त्याला वेळेवर जाळ्यात घेऊन बाहेर काढला की मागचे लगेच वाढायला लागतात. त्यामुळे कतला-रोहूसारखे एकदाच तळे उपसून पीक घेता येत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून दर पंधरा-वीस दिवसांनी मोठे तेवढे वेचून काढावे लागतात. हे काम हाताचे आहे, जाळ्याच्या अंदाजाचे आहे. ज्याने कधी जाळे धरले नाही त्याला एका दिवसाच्या प्रशिक्षणात ते येणार नाही, आणि ज्याचा बाप डोंग्यावर वाढला त्याला ते आठवड्यात येईल.

यवतमाळमध्ये या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. झिंगा हा किड्यांचा चुलतभाऊ आहे. दोघेही संधिपाद, दोघांचीही मज्जासंस्था सारख्याच तत्त्वावर चालते. पऱ्हाटीवरची अळी मारायला जे औषध बनवले आहे ते झिंग्यालाही मारते, आणि सायपरमेथ्रिनसारखी औषधे तर इतक्या अत्यल्प मात्रेत मारतात की पाण्याचा रंग, वास, चव काहीच बदलत नाही. आंध्रातल्या कार्पच्या तळ्यांत माशांच्या अंगावरच्या उवा मारायला याच गटातली औषधे पाण्यात टाकतात. मासे वाचतात आणि उवा मरतात, कारण त्या उवाही झिंग्याच्याच कुळातल्या. २०१७च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, गुलाबी बोंडअळीची धास्ती होती, आणि दुकानदार सांगेल ती दोन-तीन औषधे एकत्र करून चिनी पंपाने फवारणी चालली होती. ज्या वाऱ्याने ते विष माणसाच्या नाकात गेले, त्याच वाऱ्याने ते धुऱ्यापलीकडच्या तळ्यातही जाते. तुमच्या वावरात फवारणी बंद असली तरी शेजारच्या वावरातून पहिल्याच पावसाला वाहून येते.

म्हणून कापसाच्या मधोमध असलेल्या तळ्यात झिंगा सोडायचा असेल तर आजूबाजूच्या दहा-वीस शेतकऱ्यांशी बोलावे लागेल, तळ्याच्या वरच्या बाजूने चर काढून शेताचे पाणी वळवावे लागेल, फवारणीच्या तारखा ठरवाव्या लागतील. हे कठीण आहे, पण अशक्य नाही, आणि झाले तर त्याचा फायदा झिंग्यापुरता राहणार नाही. गावाच्या नाल्यात विष किती उतरते हे सांगणारा, प्रयोगशाळेपेक्षा आधी बोलणारा एक प्राणी गावाला मिळेल. पण हे पाऊल गावाने एकत्र उचलायचे आहे. एकट्या लाभार्थ्याच्या नावावर अनुदान टाकून ते उचलले जात नाही.

मोत्यांचे थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दलचे माझे मत थोडक्यातच आहे. आपल्या नद्या-तलावांत लॅमेलिडेन्स जातीचे शिंपले आहेत आणि त्यांच्यात मोती घडवण्याचे तंत्र सिफाने विकसित केले आहे, ते खरे आहे. पण शिंपल्याची अळी काही काळ माशाच्या कल्ल्यांना चिकटून राहिल्याशिवाय जगत नाही. त्यामुळे शिंपल्याचे बीज तयार करणे सोपे नाही, आणि बहुतेक मोती उत्पादक शिंपले पैदा करत नाहीत, तलावातून वेचून आणतात. शस्त्रक्रियेनंतर त्यातले बरेच मरतात. म्हणजे पाणी गाळून स्वच्छ ठेवणारा जीव काढून घ्यायचा आणि गणपतीच्या, ओमच्या आकाराचा मोती विकायला बसायचे; तोही ज्या बाजारात चीनच्या चच्यांग प्रांतातल्या झूजीसारख्या एका शहराभोवती ढिगाने गोडे मोती निघतात त्या बाजारात. मोत्याच्या शेतीत आज सर्वात खात्रीची कमाई प्रशिक्षणाच्या शुल्काची आहे. कर्जात असलेल्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये असे मी स्पष्ट म्हणतो.

रोजगाराचा प्रश्न नीट पाहायचा तर नजर तळ्यातून काढून रस्त्यावर आणावी लागते. यवतमाळच्या कोणत्याही आठवडी बाजारात सुक्या झिंग्यांचा ढीग घेऊन बसलेली बाई दिसते. तिच्याकडचे झिंगे किनाऱ्यावरून आलेले असतात, आणि ती ते मापाने विकते. पलीकडे बर्फातले कतला-रोहू असतात आणि त्यातले बरेचसे आंध्रच्या तळ्यांतले. ज्या जिल्ह्यात इसापूर, पूस, अरुणावती, बेंबळा असे जलाशय आहेत, त्याच्या बाजारात शेकडो किलोमीटरवरचा मासा बर्फात येऊन विकला जातो. याचे कारण तिकडे बीजापासून बर्फापर्यंत सगळे आहे आणि इकडे मासा निघाला तरी तो दुपारपर्यंत ठेवायची सोय नाही. झिंग्याच्या बाबतीत हे आणखी कडक. त्याच्या डोक्यातल्या पाचक ग्रंथीचा रस तो मेल्यावर मांसात उतरतो आणि काही तासांत मांस पिठूळ होते. पाण्यातून काढल्या काढल्या बर्फाच्या पाण्यात बुडवला नाही तर नागपूर-हैदराबादचा व्यापारी तो परत पाठवतो किंवा मातीमोल भावाने घेतो. दिग्रसला किंवा पुसदला एक बर्फाचा कारखाना, एक वर्गवारीची शेड आणि एक इन्सुलेटेड गाडी यांतून पहिल्या वर्षी जितके पगार निघतील तितके शंभर शेततळ्यांतून निघणार नाहीत.

या साखळीतली कामे शिकलेल्या मुलांसाठीही आहेत. रत्नागिरीजवळच्या शिरगावला, नागपूरला तेलंगखेडीत आणि उदगीरला मत्स्यविज्ञानाची महाविद्यालये आहेत. तिथून निघालेली मुले बहुतेक करून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेली दिसतात, नाही तर खाद्य विकणाऱ्या कंपन्यांसाठी आंध्रात फिरताना. नर्सरी सांभाळणे, पाण्यातला प्राणवायू आणि क्षार तपासणे, पिलांची रोगचाचणी करणे, संस्थांचे हिशेब आणि परवाने पाहणे ही कामे यवतमाळमध्येच असू शकतात. जिल्हा नर्सरीला दोन तंत्रज्ञ आणि चार कामगार लागले, तरी ती कायमची नोकरी असेल आणि तिच्यामागे जाळी विणणारे, खाद्य दळणारे, गाडी चालवणारे येतील. पाण्याच्या कठीणपणाचा प्रश्नही त्यांनीच सोडवायचा आहे. आपल्या बेसाल्टच्या आणि वणीकडच्या चुनखडीच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर आहे, कवचाला ते हवेही असते, पण फार कठीण पाण्यात झिंग्याच्या अंगावर चुन्याचा थर बसतो आणि वाढ मंदावते. कोणत्या तालुक्याचे पाणी चालेल हे अंदाजाने सांगता येत नाही, मोजावेच लागते.

निर्यातीच्या बातम्या वाचून कोणी भुलू नये हेही इथे सांगायला हवे. २०२४-२५ मध्ये भारताने ६२ हजार कोटींहून अधिक किमतीचे समुद्री अन्न निर्यात केले आणि त्यात मोठा वाटा गोठवलेल्या कोळंबीचा होता. हे आकडे व्हेनामीचे आहेत, किनाऱ्यावरच्या तळ्यांचे आहेत आणि अमेरिकेच्या बाजारावर टेकलेले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले तेव्हा आंध्रच्या तळ्याकाठी भाव लगेच पडले. कोळंबी सोलणाऱ्या कारखान्यांत बायकांना किती तास उभे राहून, कसल्या हवेत काम करावे लागते यावर २०२४च्या मार्चमध्ये अमेरिकी कामगार-हक्क संस्थेचा अहवाल येऊन गेला आहे. यवतमाळने त्या बाजाराच्या मागे लागण्याची गरजच नाही. नागपूर, अमरावती, हैदराबाद, चंद्रपूर इथे ताज्या गोड्या झिंग्याला गिऱ्हाईक आहे, आणि तो एका रात्रीत पोहोचतो.

झिंगाशेतीवरचा या देशातला सर्वात मोठा खटलाही विदर्भाला परका नाही. विनोबांच्या भूदानात काम केलेले तमिळनाडूचे सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन हे त्यातले अर्जदार होते. किनाऱ्यावरच्या कोळंबी तळ्यांनी भातशेती खारवली, विहिरी नासवल्या, कोळ्यांची समुद्राकडे जाण्याची वाट अडवली, अशी त्यांची तक्रार होती. पाहणी केली ती नागपूरच्या नीरी या संस्थेने, आणि तिचा निष्कर्ष असा होता की पर्यावरणाचे आणि समाजाचे नुकसान या धंद्याच्या कमाईपेक्षा जास्त आहे. ११ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीतली पारंपरिक नसलेली कोळंबी तळी हटवण्याचा आदेश दिला. पुढे कायदा बदलला आणि २००५ मध्ये किनारी जलसंवर्धन प्राधिकरण आले, पण नागपूरच्या शास्त्रज्ञांनी मांडलेला तो हिशेब आपण विसरू नये. सध्या अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात हरियाणा-पंजाबसारखी व्हेनामी घेण्याची भाषा ऐकू येते. पूर्णेच्या खोऱ्यातले ते खारे पाणी आधीच माणसांच्या मूत्रपिंडांवर उठले आहे. तळ्यातून उपसलेले खारे पाणी कुठे जाणार याचे उत्तर कागदावर आल्याशिवाय तिथे एकही तळे खोदू नये. यवतमाळ त्या पट्ट्यात येत नाही हे त्याचे भाग्य.

आता जलाशयांचे. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला. गोदावरीत नदी-झिंग्याची स्वतःची एक जात आहे, मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी, आणि तिची पिलेही मुखाकडून वर चढणारी. आर्थर कॉटन यांनी १८५२ मध्ये धवळेश्वरमचा बंधारा पुरा केला तेव्हापासून ही वाट अडत गेली. आता मेडीगड्डापर्यंत बंधाऱ्यांची रांग आहे आणि आपल्या प्रत्येक उपनदीवर धरण आहे. धरणांनी भोई-ढिवरांचे वाहते पाणी घेतले आणि बदल्यात साचलेले दिले. त्या साचलेल्या पाण्यात माणसाने झिंगा सोडला तर तो वाढतो. पाणी खोल असते, उन्हाळ्यातही टिकते, तापमानाचा फटका कमी बसतो, आणि नैसर्गिक खाद्य असल्याने विकतचे खाद्य लागत नाही. जोखीम उरते ती बीजाच्या किमतीची.

थायलंडमध्ये पाक मून धरणाने १९९४ नंतर मासेमारांची उपजीविका गेली तेव्हा तिथल्या सरकारने भरपाई म्हणून जलाशयात हाच झिंगा सोडला. त्यावर टीका झाली, आणि ती रास्त होती. समुद्राची वाट बंद असल्याने तो तिथे पिढी वाढवू शकत नव्हता आणि पूर्वीच्या विविध माशांची जागा एका आयत्या प्राण्याने भरून निघत नव्हती. हाच आक्षेप यवतमाळलाही लागू आहे: दरवर्षी बीज सोडावे लागेल, एका वर्षी सरकारने हात आखडला की पुढच्या वर्षी जाळे रिकामे. म्हणूनच नर्सरी जिल्ह्याची हवी आणि तिचा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात हवा. झिंगा कतला-रोहूच्या जोडीला सोडावा, त्यांच्या जागी सोडू नये. तळाशी चरणारे मृगळ आणि सायप्रिनस त्याच्याबरोबर कमी ठेवावेत. मरळ त्याला खाणार हे धरून चालावे, आणि मरळीचा भावही चांगला आहे हे विसरू नये.

मोठा वाद होईल तो ठेक्याचा. जलाशयात झिंगा दिसू लागला की बाहेरचा पैसेवाला ठेकेदार येतो, संस्थेच्या नावावर ठेका घेतो आणि सभासद त्याच्या रोजावर जाळे टाकतात. विदर्भातल्या तलावांवर हे पुन्हा पुन्हा घडले आहे. काही जण म्हणतील, संस्थांकडे भांडवल नाही, राजकारण आहे, हिशेब चोख नाहीत, मग खासगी माणसाला का नको? संस्था कमकुवत आहेत हे मला मान्य आहे. पण त्या कमकुवत राहिल्या त्या बीज उधारीवर, जाळे उधारीवर आणि मासा त्याच व्यापाऱ्याला, या फेऱ्यामुळे. २२ एप्रिल २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. शेतीच्या दराने वीज, शेतीसारखे कर्ज, किसान क्रेडिट कार्ड, विमा हे सगळे त्यातून मिळायला हवे. तो निर्णय यवतमाळच्या भोयाच्या हातात पडला तर उधारीचा फेरा तुटेल. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के अनुदान आहे. धरणाच्या काठच्या आदिवासी पाड्यांतल्या बायकांच्या बचतगटांना नर्सरीचे हौद, वर्गवारीची शेड आणि सुकवण्याच्या जाळ्या त्यातून देता येतील. आठवडी बाजारातल्या त्या मापात मग जिल्ह्यातला माल पडू लागेल. जलाशयाच्या काठी गाळपेरा करणाऱ्यांच्या फवारणीवर मात्र पाटबंधारे खात्याला अट घालावीच लागेल, कारण तिथले विष थेट पाण्यात उतरते.

हे सगळे करायला नवा कायदा लागत नाही, वेळापत्रक लागते. पिले जुलैत सोडायची तर नर्सरीत ती मेच्या पहिल्या पंधरवड्यात यायला हवीत, म्हणजे हॅचरीकडे नोंदणी फेब्रुवारीत आणि चाचणीचा दाखला गाडीबरोबर. हौदांची जागा पांढरकवडा किंवा दिग्रसला पाहायची तर तिथल्या पाण्याची तपासणी हिवाळ्यातच व्हावी. जिल्हा नियोजन समितीचा आराखडाही त्याच सुमारास तयार होतो. अरुणावती आणि बेंबळा या दोन जलाशयांच्या मच्छीमार संस्थांना त्या बैठकीआधी बोलावून विचारावे की बीज सरकारने दिले तर माल कोणाला विकणार, बर्फ कुठून आणणार आणि पहिल्या वर्षी जाळ्यात काही आले नाही तर घर कसे चालवणार. तिसऱ्या प्रश्नाला विम्याचे उत्तर मिळेपर्यंत शेततळ्यांसाठी एकही पिशवी वाटू नये.